पिवळ्या फुलांचा लाल डाग

माझी डावी किडनी सध्या माझ्या धाकट्या भावाकडे राहायला आहे. कुणी म्हणेल, ही काय बोलायची पद्धत झाली? पण मी अशीच बोलते. उभा जन्म लाँड्रीत गेला माझा. वाफेच्या इस्त्रीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय लागली, ती आता जायची नाही. शिवाय किडनी माझी, भाऊही माझा. मग तोंड मी नाही सोडायचं तर कुणी?

भावाला घरात सगळे गुंड्या म्हणतात. वडील लाँड्री चालवायचे तेव्हा हा रांगत होता, आणि एके दिवशी त्यानं गिऱ्हाइकाच्या कोटाची गुंडी गिळली. कुणाला पत्ता नाही. गिऱ्हाईक भांडतंय, वडील कोट झटकताहेत, आई टेबलाखाली शोधतेय, आणि हा कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे बघून हसतोय. गुंडी यथावकाश आपल्या वाटेनं बाहेर आली, धुतली गेली आणि कोटाला परत लागली. त्या गिऱ्हाइकाला आम्ही ही गोष्ट कधी सांगितली नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता केस पिकलेत, शाळेत भूगोल शिकवतो, तरी गुंड्या तो गुंड्याच.

त्याच्या स्वतःच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. जुळलं माझं. मी म्हटलं, घ्या काढून, दोन आहेत, एकीवर माझं भागेल. ऑपरेशननंतर मी आठवडाभरात उठून नर्सच्या गणवेशाला इस्त्री कशी करायची ते तिला शिकवत होते. आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी, दुकानाचं शटर ओढायच्या आधी, माझा भावाला फोन.

"गुंड्या, माझी किडनी काय म्हणते?"

"मजेत आहे, ताई."

"पाणी पाजलंस तिला?"

"पाजलं."

"गोळ्या?"

"घेतल्या."

"मग ठेव."

झालं. मला वाटायचं, याहून जास्त काळजी कोणती बहीण घेते?

बरेच महिने सगळं सुरळीत चाललं, आणि मग एका तपासणीत माशी शिंकली. परका अवयव आपल्या शरीराला खपत नाही, मग तो सख्ख्या बहिणीचा का असेना. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ एक कॅप्सूल घ्यायची असते. ती शरीराच्या पहारेकऱ्यांना गप्प बसवते. त्या औषधाची रक्तातली पातळी घसरली, की पहारेकरी जागे होतात आणि पाहुणीला हाकलून द्यायच्या मागे लागतात. गुंड्याची पातळी घसरली होती. डॉक्टरांनी डोस वाढवला. ती आणखी घसरली.

डॉक्टर हा उंच, बारीक माणूस. झोप न झालेल्या डोळ्यांनी त्यानं रिपोर्ट वाचला आणि मान वर न करताच म्हणाला, "गोळ्या चुकताहेत."

"एकही चुकली नाही," गुंड्या म्हणाला.

"मी स्वतः हातात देते," त्याची बायको म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाला. "आता तुम्हाला स्पष्टच सांगतो. हे असंच चाललं तर ही किडनी राहणार नाही."

मग नर्सनं नेहमीचा प्रश्न विचारला, दुसरं कुठलं औषध घेता का, आणि नवरा-बायको दोघंही एका सुरात 'नाही' म्हणाले.

माझं डोकं असं तापलं, की वर पाणी ठेवलं असतं तर उकळलं असतं. मी माझ्या पोटाला टाके घालून घेतले, आणि हा पठ्ठ्या साधी गोळी गिळत नाही! घरी पोचेपर्यंत मी त्याला एक शब्द बोलू दिला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान माझ्या इस्त्रीवाल्याच्या हवाली केलं, बॅग भरली आणि भावाच्या घरी मुक्काम ठोकला.

त्याच्या बायकोला मी चिमणी म्हणते. ती खाते चिमणीएवढं आणि बोलते त्याहून कमी. नणंद मुक्कामाला आली म्हटल्यावर कुणाच्याही कपाळाला आठ्या पडल्या असत्या, पण तिनं मुकाट्यानं खिडकीजवळची चांगली खाट मला दिली आणि स्वतः सोफ्यावर गेली. चांगली पोर आहे. पण मी तेव्हा चांगुलपणा मोजायच्या मनःस्थितीत नव्हते.

"गुंड्या, आ कर."

"ताई, अगं..."

"आ कर. जीभ वर. आता डावीकडे. गिळलीस?"

"माझे विद्यार्थी बघतील तर काय म्हणतील?"

"म्हणू देत. गुंडी गिळणाऱ्यावर भरवसा ठेवायला मी काही ते कोटवालं गिऱ्हाईक नाही."

सकाळी आणि संध्याकाळी, घड्याळाच्या ठोक्याला मी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायचे. गोळी जाताना गळ्याची घाटी वरखाली होते का, तेही बघायचे. पुढच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो तेव्हा मी डॉक्टरसमोर ताठ बसले होते. रिपोर्ट आला. पातळी आणखी खाली.

मी गप्प झाले. माझ्या ओळखीतले लोक सांगतील, हे किती क्वचित घडतं. माझ्या डोळ्यांदेखत पोटात गेलेली गोळी जाते कुठे? तिला काय पाय फुटतात? डॉक्टर माझ्याकडेही आता संशयानं बघायला लागला, आणि त्याहून वाईट म्हणजे मला पहिल्यांदा खरोखर भीती वाटली. चिडायचं असलं की मला बरं पडतं, घाबरायची सवय नाही. त्या रात्री मी कुशीवरच्या टाक्यांच्या खुणेवर हात ठेवून पडले आणि मनातल्या मनात त्या किडनीला म्हटलं, बये, टिकून राहा, मी काहीतरी बघते.

आता धुण्याकडे वळते, कारण गोष्ट धुण्यातच अडकली होती.

कुणाच्याही घरी गेले तरी धुणं मी दुसऱ्याला करू देत नाही. हात शिवशिवतात. चिमणीच्या कपड्यांत तिचा स्वयंपाकाचा एप्रन निघाला. पांढरा, जाड सुती, आणि खिशापाशी बोटांचे डाग, जांभळट लाल.

"हे काय गं?"

"बीट चिरलं होतं, ताई," चिमणी म्हणाली आणि लगेच आत गेली.

बीट! हे मला सांगते! अगं, बिटाचा डाग म्हणजे डागांमधला शेळपट. गार पाण्याच्या धारेखाली धरला की निम्मा तिथंच पळ काढतो. हा पाण्यानं हलला नाही. साबणाला भीक घातली नाही. मीठ लावलं, व्हिनेगर लावलं, ढिम्म. म्हटलं रक्त असेल, पण रक्त सुकलं की तपकिरी पडतं, हा तसाच टवटवीत. शेवटी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन एका कोपऱ्याला टेकवलं, आणि बोळा झरकन लाल झाला. म्हणजे शाईच्या जातीचा काहीतरी रंग. बिटाचा तर नक्कीच नाही. भावजय नणंदेला बीट सांगते, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच जागी झाले आणि दाराच्या फटीतून बघत राहिले. कुणाच्या घरात असं चोरून बघू नये हे मलाही कळतं. चिमणी गॅलरीत कुंड्यांपाशी उकिडवी बसली होती. गुडघाभर उंचीची झुडपं, त्यांवर पिवळीधमक, नाजूक फुलं. मी आल्यापासून रोज त्यांचं कौतुक करत होते. चिमणी त्यांच्या कळ्या आणि फुलं खुडून वाटीत टाकत होती, आणि तिच्या बोटांची टोकं लाल झाली होती.

"बीट आता कुंडीत लागायला लागलं का गं?"

वाटी तिच्या हातून निसटली. मला वाटलं, रडेल. पण तिनं आधी सगळी फुलं गोळा केली, मग खाली बघत म्हणाली, "यांना काढा करून देते. दोन वेळा. माझी मावशी द्यायची माणसांना."

"कशावर?"

वाटीतली फुलं सारखी करत ती म्हणाली, "झोपेवर."

मला हसूच फुटलं. "हात्तिच्या! एवढंच? आणि त्यासाठी मला बीट सांगतेस? मी आपली काय काय कल्पना करत बसले!" मला एवढं हायसं वाटलं की मी तिच्या पाठीत एक प्रेमाचा धपाटा घातला. घरोघरी आजीबाईचा बटवा असतोच. फुलं, पानं, मुळं कोण पीत नाही? "कर, मलाही कर कपभर."

आणि मी तो काढा प्यायलेही, गुंड्याच्या शेजारी बसून. कडवट, थोडा मधासारख्या वासाचा. वाईट नव्हता. गुंड्या आधी चपापला, मग मला पिताना बघून हसला. दाढी करताना तो हल्ली शीळ घालायचा, तशी त्या दिवशीही घातली. मला वाटलं, चला, निदान मन तरी चांगलं आहे याचं. रक्ताचं काय ते बघू. म्हणजे चोर समोरच्या कपातच होता, आणि मी त्यात वर साखर मागत होते.

पुढच्या तपासणीला डॉक्टरनं डोस आणखी वाढवला आणि आम्हाला औषधांच्या खिडकीवर पाठवलं. खिडकीत एक गोल चेहऱ्याची तरुण बाई असते. आम्ही तिला औषधवाली म्हणतो. त्या दिवशी तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशाखाली हिरव्या शाईचा हा एवढा थोरला डाग होता. भाऊ मरणाच्या दारात असला तरी असा डाग बघून गप्प बसणं मला जमत नाही.

"टोपण न लावता पेन खिशात ठेवता ना?" मी विचारलं.

ती लाजली. "धुतला दोनदा, जातच नाही."

"पाण्यानं कसा जाईल? खाली टिपकागद ठेवा. वरून स्पिरिटचा बोळा. कडेकडून मध्ये यायचं, मधून कडेला नाही, नाहीतर डाग पसरतो. अहो, लाँड्री आहे माझी. माझ्या हातून सुटेल असा डाग अजून जन्माला आलेला नाही." मग मला एप्रन आठवला, आणि मी बढाईखोर असले तरी खोटारडी नाही. "एक सोडून. आमच्या या चिमणीनं कसली पिवळी फुलं लावलीत, ती खुडली की बोटं लाल होतात. फूल पिवळं आणि डाग लाल! असला आगाऊ डाग मी आयुष्यात पाहिला नाही."

औषधवाली गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरत होती. तिचा हात थांबला.

"पाच पाकळ्यांची?"

"हो."

"पान उजेडात धरलं तर सुईनं टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात?"

ते मला ठाऊक नव्हतं. मागून चिमणी हळूच म्हणाली, "दिसतात."

"त्या फुलांचं तुम्ही काय करता?"

चिमणीच्या आधी मीच म्हटलं, "काढा. झोप यायला. मीही प्यायले, छान असतो."

"आणि हे?" तिनं गुंड्याकडे बोट केलं.

"तो तर रोजच पितो."

ती खिडकी तशीच उघडी टाकून बाजूच्या दारानं बाहेर आली. मागं रांग ओरडायला लागली. तिनं गुंड्याचा दंड धरला, आणि आम्ही सगळी वरात डॉक्टरच्या खोलीत शिरलो. आतल्या पेशंटला तिनं "दोन मिनिटं" म्हणून बाहेर बसवलं.

तिनं जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. ही फुलं यकृताला कामाला जुंपतात. यकृत एरवीही बाहेरून आलेल्या गोष्टी मोडून शरीराबाहेर टाकतच असतं, पण हा काढा पोटात गेला की ते दुप्पट जोमानं भिडतं, आणि आपली कॅप्सूल रक्तात टिकायच्या आतच तिचा चुराडा करतं. डोस वाढवला तरी व्यर्थ. इकडून भरायचं आणि तिकडून सांडायचं.

डॉक्टर खुर्चीतून उठला. "आम्ही दर वेळी विचारत होतो, दुसरं औषध घेता का!"

आणि तेव्हा आमची चिमणी, जी मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही, ती ओरडली. "औषध कुठं होतं, डॉक्टर? फुलं आहेत ती!"

डॉक्टर पुन्हा खाली बसला. मग गुंड्याकडे वळून म्हणाला, "मला वाटलं तुम्ही खोटं बोलताय. चुकलो मी."

मी चिमणीवर घसरणारच होते. जीभ सळसळत होती. पण औषधवालीनं मला हातानंच थांबवलं. "यांना बोलू नका. फुलं फसवी असती तर काहीच बिघडलं नसतं. ती खरी आहेत, म्हणून तर हे झालं. कितीतरी देशांत डॉक्टर स्वतः उदास माणसाला याच फुलांच्या गोळ्या लिहून देतात."

"उदास माणसाला?" मी म्हटलं. "झोपेसाठी ना?"

चिमणी गुंड्याकडे बघत होती आणि गुंड्या खिडकीबाहेर.

त्याला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. पहारेकरी जागे झाले होते, किडनीवर चालून आले होते, त्यांना आवरायला इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "वेळेत कळलंय असं वाटतं, पण आता वाट बघण्यावाचून काही नाही." वॉर्डात चिमणी पाण्याची बाटली भरायला गेली, तेव्हा मी स्टूल ओढून गुंड्याजवळ बसले.

"उदास कशापायी रे?"

तो चादरीच्या काठाशी चाळा करायला लागला. "ताई, तू माझ्यासाठी पोट फाडून घेतलंस. मी खरं तर नाचायला पाहिजे होतं. पण मला सकाळी उठावंसंच वाटायचं नाही. वर्गात नकाशा टांगायचो आणि त्याच्याकडे बघत उभा राहायचो. पोरं हसायची. आता हे तुला कुठल्या तोंडानं सांगू? हिनं ओळखलं, कुंडीतली फुलं उकळून दिली, आणि खरंच बरं वाटायला लागलं गं. मीच हिला शपथ घातली, ताईला कळू द्यायचं नाही."

"मी रोज फोन करत होते की!"

"करायचीस ना. किडनी कशी आहे विचारायचीस. ती मजेतच होती. मी नव्हतो."

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी ओरडते. "अरे गाढवा! लहानपणी गुंडी गिळलीस, आता दुःख गिळायला लागलास? तोंड आहे ना देवानं दिलेलं, की फक्त गिळायलाच आहे?" नर्स धावत आली. तिनं मला बाहेर काढायची धमकी दिली. मग मी तिथंच, त्याच्या उशीत तोंड खुपसून, जरा हळू आवाजात रडले. गुंड्या माझ्या पाठीवर थापटत होता. आजारी कोण आणि थापटतंय कोण, सगळाच उलटा कारभार.

काढा बंद झाला. शीळही बंद झाली. त्याच्या मनासाठी दुसरी डॉक्टरीण यायला लागली, जी त्याच्याशी नुसती बोलत बसायची आणि किडनीला चालेल अशी गोळी द्यायची. पण खरा फरक पडला तो औषधवालीमुळे. ती जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन वर यायची. एकदा तिनं सहज शेजारच्या खाटेकडे बोट केलं. "त्या आजोबांची हृदयाची गोळी आहे ना, ती घंटेसारख्या जांभळ्या फुलांच्या एका झुडपातून सापडली. पलीकडच्या मुलीचं कॅन्सरचं औषध सदाफुलीतून."

"आमच्या शाळेच्या कुंपणाला आहे ती सदाफुली?" गुंड्यानं विचारलं.

"तीच. मलेरियाचं एक औषध रानातल्या तणातून आलं, दुसरं एका झाडाच्या सालीतून."

"सिंकोना," गुंड्या उठून बसला. "ते पर्वतांच्या उतारावर येतं. आणि माझी कॅप्सूल? ती कशातून?"

"मातीतून. एका डोंगराच्या पायथ्याची मूठभर माती उचलली, तिच्यातल्या जंतूंनी बनवलेलं औषध आहे ते."

"कुठला डोंगर?"

ती म्हणाली, शोधून सांगते. तो म्हणाला, नकाशा आणा, मी दाखवतो. दुसऱ्या दिवशी चिमणीनं शाळेतून जगाचा नकाशा आणला, आणि खाटेच्या उशाशी तो टांगून माझा भाऊ टाचण्या टोचत बसला. कुठलं औषध कुठल्या मातीतून. सदाफुलीसाठी एका मोठ्या बेटावर, सिंकोनासाठी पर्वतात. आजोबा त्यांची टाचणी कुठे लागली ते बघायला काठी टेकत आले. जगभरातल्या आज्या-मावश्यांनी काय काय उकळलंय, चघळलंय, कुटलंय, ते एका भिंतीवर दिसायला लागलं. मी त्याला इतका वेळ सलग बोलताना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. खरं म्हणजे, ऐकायला मी थांबलेच नव्हते.

रक्त रोज जायचं आणि रिपोर्ट रोज यायचा. आधी पातळी हलली नाही. मग केसभर चढली. डॉक्टर म्हणाला, इतक्यात आनंद नको. मी म्हटलं, तुमचा तुम्ही ठेवा, माझा मी करते.

आणि मग एका दुपारी तो उंच माणूस वॉर्डाच्या दारातून आत आला तो जवळजवळ पळतच. रिपोर्टचा कागद हवेत. "पातळी जागेवर आली! आणि किडनी पूर्वीसारखी काम करतेय!"

मी अशी आरोळी ठोकली, की पलीकडच्या वॉर्डातला एक माणूस भुलीतून उठून बसला, असं नर्स अजूनही सांगते. आजोबांनी काठी आपटली. औषधवाली खालून धावत आली. चिमणीनं डॉक्टरचा हात धरून इतका हलवला की त्याचा चष्मा पडला. मी तिला कवेत घेऊन उचललं. एका किडनीवर उचललं, हे लक्षात घ्या. आम्ही जिंकलो होतो! माझी किडनी, माझा भाऊ, दोन्ही जागच्या जागी!

घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या तपासणीला आम्ही गेलो, तेव्हा नर्सचा प्रश्न बदललेला होता. औषधवालीनं आणि डॉक्टरनं मिळून बदलला होता. "काय उकळून पिता, काय चघळता, काय अंगाला चोळता? फुलं, पानं, मुळं, साल, काहीही?" प्रश्न झकास होता. पण बाकांवर बसलेले लोक आपले 'नाही, नाही' म्हणत माना हलवत होते.

मला राहवेना. मी उठून उभी राहिले.

"ऐका हो सगळे! हा माझा भाऊ. याच्या पोटात माझी किडनी आहे. आमच्या घरातली फुलं त्या किडनीला खाऊन टाकणार होती, कारण आम्ही म्हणालो, फुलं म्हणजे काय औषध का! आता मला सांगा, खरंच इथं कुणी काही पीत नाही?" मग मी पिशवीतून चिमणीचा एप्रन काढला आणि दोन्ही हातांनी उंच धरला. "हा बघा डाग. लपवला होता. तुमचा दाखवा!"

कोपऱ्यातल्या एका बाईनं पर्समधून कागदाची पुडी काढली. "सासूबाई देतात. साल आहे कसली तरी." तिच्या शेजारच्या ट्रकचालकानं खिशातून एक मूळ काढलं. टाय लावलेल्या साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि बॅगेतून सुकलेल्या पानांची आख्खी बरणी बाहेर काढली. मग काय, धरण फुटलं! पुड्या, बाटल्या, डब्या, गाठोडी. औषधवालीनं टेबल ओढून घेतलं आणि एकेक गोष्ट हुंगत, चुरगळत, उजेडात धरत बसली. तिचे डोळे नुसते चमकत होते. बरंच काही तिनं "हे खुशाल घ्या" म्हणून परत दिलं. काही गोष्टींना हसली. पण साहेबांच्या बरणीपाशी आल्यावर हसू थांबलं. "तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता ना?" साहेब थेट डॉक्टरच्या खोलीत गेले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. त्यांनी येऊन माझ्याशी हात मिळवला. मी म्हटलं, माझ्याशी नाही, हिच्याशी मिळवा, आणि चिमणीला पुढे ढकललं.

एप्रन आता तिथं, बाकांसमोरच्या भिंतीवर टांगलेला आहे. खाली लिहिलंय, 'असा डाग तुमच्या घरी असेल तर आधी सांगा.' आयुष्यात पहिल्यांदा मी एक डाग जपून ठेवला.

त्या तपासणीच्या दिवशीच मी बॅग भरून माझ्या घरी परतले. दुकानात कपड्यांचा डोंगर साचला होता. इस्त्रीवाल्यानं एका रेशमी शर्टाची वाट लावली होती, त्याची खरडपट्टी काढली. संध्याकाळी तो गेल्यावर, शटर ओढायच्या आधी, मी सवयीनं फोन लावला.

"गुंड्या," मी म्हटलं, आणि जीभ अडखळली. "तू कसा आहेस?"

"कोण बोलतंय?" गुंड्यानं विचारलं.

"कोण म्हणजे? तुझी ताई!"

"छे, आमची ताई असं विचारत नाही."

"गुंड्या, मार खाशील."

"हां, आता ओळख पटली," तो म्हणाला. आणि मग तो बोलायला लागला. सकाळी जरा जड गेलं म्हणाला, अंथरुणातून उठावंसं वाटेना. पण उठला. वर्गात टाचण्यांचा नकाशा लावला, आणि एका मुलीनं विचारलं, सर, आमच्या परसातल्या झाडासाठी टाचणी कुठे लावू? दुपारनंतर बरं वाटलं. चिमणीनं कुंड्या तशाच ठेवल्यात, नुसत्या बघायला. मी इस्त्रीचं बटण बंद केलं, न धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसले आणि ऐकत राहिले. बाहेर दिवे लागले तरी तो बोलतच होता.

फोन ठेवून शटर ओढलं, कुलूप लावलं, अर्ध्या रस्त्यात पोचले आणि लक्षात आलं, की किडनीचं विचारायचं राहूनच गेलं.